मोठ्यांचं चिमणाळं

पाळण्यावरच्या चिमणाळ्याचा खरा प्रेक्षक एकच, आणि तोही उताणा पडलेला. तरी बाजारातले पक्षी उभ्या माणसाला छान दिसतील असेच शिवलेले असतात. बाळाच्या वाट्याला नुसती पोटं येतात! पुढे बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की चिमणाळं तिथून काढायचंच. दोऱ्यात बोटं नाहीतर मान अडकण्याची भीती असते. मग दिवाणखान्यात, पडवीत मोठ्यांसाठी एखादं का असू नये?

अशा टांगत्या, डुलत्या शिल्पाला इंग्रजीत मोबाइल म्हणतात. खिशातल्या यंत्राच्या कितीतरी आधी, १९३१ साली, फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशां यांनी अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्या हलत्या शिल्पांसाठी हे नाव सुचवलं. हेच काल्डर १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाई या उद्योजक कुटुंबाकडे पाहुणे म्हणून राहिले आणि तिथे त्यांनी शिल्पं घडवली. त्यांचं सामान साधं: तार, पत्रा, पक्कड. घरच्या कामाला पत्र्याऐवजी शिंपले नि करवंट्यांचे तुकडेही चालतात.

हार्डवेअरच्या दुकानातून २ मिमी जाडीची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार आणावी. वेटोळ्यातली तार वाकडीच निघते. फरशीवर ठेवून वरून फळी दाबत लाटली की सरळ होते. ३६ सेंमीचा तुकडा कापून दोन्ही टोकांना तीन-तीन सेंमीत कड्या वळवल्या की ३० सेंमीची दांडी तयार.

अशा दांड्या एकीखाली एक टांगायच्या, पण सुरुवात सगळ्यांत खालच्या दांडीपासून. बरेच जण छताकडून खाली येतात आणि फसतात. खालचं ओझं किती, ते कळल्याशिवाय वरच्या दांडीचा तोल ठरणार कसा?

समजा एका टोकाला १० ग्रॅमचा शिंपला आहे, दुसऱ्याला २० ग्रॅमची करवंटी. शाळेतल्या तरफेच्या नियमानं तोल शिंपल्यापासून २० सेंमीवर यायला हवा. येतो १९ वर! कारण दांडीचं स्वतःचं वजनही सुमारे ९ ग्रॅम असतं, आणि ते तोल मध्याकडे ओढतं. म्हणून गणित अंदाजापुरतं. खरी जागा बोटावर दांडी तोलूनच सापडते. तिथे तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची, सैल गाठ मारावी, केसभर इकडेतिकडे सरकवत बघावं, तोल जमला की गाठ आवळून फेविक्विकचा थेंब सोडावा. थेंब आधी सोडला तर दांडी जन्मभर एका खांद्यानं झुकलेली.

एवढं करूनही काही दांड्या आडव्या राहत नाहीत, जिथे सोडाल तिथे तिरक्या थांबतात. टांगायची जागा आणि दोन्ही टोकं एका रेषेत असली की असंच होतं. टांगायच्या जागी तारेला दीड-दोन सेंमी उंच कमान द्यावी. मग दांडी हलली तरी तराजूसारखी आपसूक जागेवर येते. कमान खालच्या बाजूला गेली तर मात्र गिरकी घेऊन उलटीच होते.

वरच्या दांडीच्या एका टोकाला ही सगळी जोडणी, दुसऱ्याला एकच वस्तू. खालच्या दांडीची लांब बाजू वरच्या दांडीपेक्षा आखूडच हवी, नाहीतर फिरताना शेजारच्या दोऱ्यात अडकते. अगदी वर, हुकाशी, मासे धरायच्या गळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी फिरती कडी लावावी. ती नसेल तर तंगुसाला पीळ बसत जातो. आणि कृपा करून छताच्या पंख्याखाली टांगू नका. चिमणाळ्याला झुळूक पुरते, पंखा त्याचं गिरमिट करून टाकतो.

पडवीत वारा जास्त, म्हणून तिथे वाऱ्यानं वाजणाऱ्या टांगत्या नळ्यांची किणकिण शोभते. ॲल्युमिनियमच्या नळीला टोकाशी भोक पाडलं तर आवाज बद्द येतो. नळी वाजते तेव्हा तिच्या अंगावर दोनच जागा स्थिर राहतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर. ३० सेंमीच्या नळीत ६.७ सेंमीवर. भोक तिथेच पाडायचं. टोला मात्र नळीच्या मधोमध बसावा. त्याच नळीतून कापलेली २१.२ सेंमीची नळी बरोबर एक सप्तक वर वाजते.

उन्हात तंगूस वर्षभरात ठिसूळ होतं, ते बदलत राहावं. कोकणात जून लागला की तार गंजते, बांबूला बुरशी धरते, तेव्हा सगळं आत घ्यावं. काढताना वरच्या कडीला धरून उचलावं आणि तसंच खुंटीला अडकवावं. एकदा का जमिनीवर टेकलं, की गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाते.