अष्टमीचं पाणी

मामाने माझं विमान पहिल्यांदा हातात घेतलं, उलटं करून पोट बघितलं, होडी विकत घेताना बघतात ना अगदी तसं, आणि एकच विचारलं, "ह्येका उलांडी खय आसा?"

मी हसलो. तीन महिने खपून बनवलेलं, रिमोटवर चालणारं आणि पाण्यावरनं उडणारं विमान, एक्सपीएस म्हणजे कडक फोमची शीट कापून घासून, पंख सव्वा मीटर, वजन किलोच्या थोडं वर, मोटर पंखाच्या वर एका खांबावर बसवलेली म्हणजे प्रोपेलरला पाणी लागू नये, आणि हा माणूस उलांडी विचारतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकणातल्या छोट्या होडीला एका बाजूला आडव्या दांड्या काढून त्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, होडी कलंडू नये म्हणून, ती उलांडी. पाण्यात सोडलं, टॅक्सी करत, म्हणजे न उडवता पाण्यावरच चालवत, वळवायला गेलो आणि डावा पंख जो पाण्यात गेला तो तिथेच रुतला, विमान त्याच्याभोवती गोल गोल फिरायला लागलं. किनाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवतायत. घरी येऊन दोन्ही पंखांखाली छोटे फ्लोट चिकटवले. म्हणजे उलांडीच, फक्त दोन्हीकडे.

मामा तोंडवळी-तळाशीलचा. मालवणच्या वर, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, इतकी चिंचोळी की रात्री दोन्हीकडचं पाणी ऐकू येतं. मी कुडाळला राहतो, मला खरं तर देवबाग बरं पडलं असतं, कर्लीची खाडी काय सुंदर आहे, पण समोरच चिपीचा विमानतळ. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली ही मॉडेल विमानंसुद्धा येतात, तेव्हा आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा उघडून बघायचा आणि मगच जागा ठरवायची. 'कोण बघतंय' असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर उडवतही नाही.

उलांडी झाली तरी विमान पाण्यातनं उठेना. फुल थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर, दिला की मोटर वर असल्यामुळे नाक खाली दाबलं जायचं आणि पाणी नांगरत जायचं. एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी, ओढून थ्रॉटल हळूहळू वाढवायचा हे कळलं, मग नाक वर आलं, वेग आला, पण तरी पोट पाण्याला चिकटलेलं ते चिकटलेलंच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी पोट नाकापासून शेपटीपर्यंत सलग गुळगुळीत केलंय, दिसायला छान म्हणून. सीप्लेनच्या पोटाला मधे एक पायरी लागते, स्टेप. पाणी पुढून येतं, पायरीच्या कडेला तुटतं, मागे हवा शिरते आणि मागचा भाग सुटा होतो, त्याशिवाय पोट पाण्यापासून सहज सुटत नाही. पायरी सीजीच्या, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या, किंचित मागे हवी. मी शेपटीकडचं पोट साधारण एक सेंटीमीटर तासून काढलं, सीजीच्या बोटभर मागे धारदार कड ठेवली, ती गोल होऊ द्यायची नाही, सँडपेपरची हौस इथे आवरायची. पुढच्या खेपेला विमान आधी फेस काढत गेलं, मग अचानक वर सरकून पाण्यावर नुसतं घसरायला लागलं, त्या क्षणाला एलिव्हेटर थोडा सैल सोडायचा, आणि मग आवाज बदलतो. पोटाखालचा चळचळ आवाज बंद झाला की समजायचं उडालं. डोळ्यांआधी कानाला कळतं.

पाण्यावरनं इंजिनाच्या जोरावर पहिलं उडालेलं विमान फ्रान्सच्या आंरी फाब्रचं, २८ मार्च १९१०, मार्तिगजवळ, आणि ते पाणी म्हणजे समुद्राला जोडलेलं खारं सरोवर, आपल्या खाडीचंच भावंड म्हणा. त्या दिवसाआधी हा गृहस्थ स्वतः कधी उडालेलाच नव्हता. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण विमानाचं तंत्र आलं म्हणून पाणी येतं असं नाही. व्हिडिओत जी माणसं उडवतात ती तळ्यावर. तळं जागच्या जागी असतं. खाडी चालते.

हे मी शिकलो ते एका रविवारी. पौर्णिमा होती, दुपारी चारला पोचलो. मामा जाळं शिवत बसलेला, मान वर न करता म्हणाला, "आज उधाण आसा, पाणी वढतला. आज नको." पण मी कुडाळवरनं पेट्रोल जाळून आलोय, थोडाच ऐकतोय. पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमाराला, म्हणजे चारला ओहोटी ऐन जोरात, सगळी खाडी मुखाकडे पळतेय, आणि समुद्रावरनं खारा वारा. दोन फ्लाइट झाल्या, मस्त. तिसरीला उतरायला आलो, लाटा बघून घाबरलो, पुन्हा वर घेतलं, अजून एक चक्कर, अजून एक. शेवटी उतरलं पण बॅटरी संपत आलेली, किनारा वीस-पंचवीस मीटरवर असताना ईएससीने, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटने, मोटर बंद केली.

सीप्लेन पाण्यावर वाऱ्यात सोडलं की वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे करतं. वारा समुद्रावरनं, मी समुद्राकडच्या काठाला, म्हणजे विमान माझ्याकडे तोंड करून, माझ्याकडे बघत बघत, उलटं लांब जायला लागलं. वारा पलीकडे ढकलतोय, ओहोटी मुखाकडे ओढतेय. मी काठाने पळतोय, हातात रिमोट, रिमोटचा काही उपयोग नाही. तसल्या वेळेसाठी गळाची दोरी आणि तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू ठेवलेला असतो, विमानाच्या पलीकडे फेकायचा आणि ओढून आणायचं, तो गाडीत.

मामा काही बोलला नाही. जाळं खाली ठेवलं आणि होडी काढली. विमान पलीकडे कांदळवनात उलटं सापडलं, पंखातनं मुळाचा खुंट आरपार. इथपर्यंत ठीक होतं. पण मी शहाण्याने तिथेच दुसरी बॅटरी लावून 'चालतंय का' बघितलं. खाऱ्या पाण्यातनं वीज जाते हे शाळेत शिकलेलो. ईएससीतनं आधी बारीक चर्र आणि मग धूर.

आता खाडीतनं आलं की पहिली बॅटरी काढायची, मग सगळं गोड्या पाण्यात बुचकळायचं. ब्रशलेस मोटरला पाण्याचं एवढं वावडं नाही, पण बेअरिंगं मिठाने गंजतात, म्हणून धुवायची, वाळवायची, तेलाचा थेंब सोडायचा. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधलेलं. मामी विहिरीवर म्हणते, "इमानाक आंघूळ घालतंस काय रे?" तिच्या टबात घालतो म्हणून राग आहे थोडा.

त्या संध्याकाळी मामाने हिशेब सांगितला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, ती भरतीची वेळ, अंदाजे. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. "अष्टमीक ये. भांगाचा पाणी." भांग म्हणजे उधाणाच्या उलटं, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ नाही. आणि भरती पहाटे सहाला, खाडीत आत यायला अजून थोडा वेळ, म्हणजे उजाडेपर्यंत पाणी भरून जवळजवळ उभं. वर त्या वेळेला मतलई, जमिनीवरनं समुद्राकडे जाणारा वारा. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले खारे वारे-मतलई वारे, मार्क मिळाले आणि विसरलो. मी पट्टीवर उभा, वारा पलीकडच्या काठावरनं माझ्याकडे, म्हणजे मोटर बंद पडली तरी विमान शेपटी पुढे करून आपोआप माझ्या पायाशी येतं. दहा-अकरानंतर वारा फिरला की हेच सगळं उलटं, म्हणून तेव्हा आवरायचं आणि घावणे खायला जायचं.

एक गंमत म्हणजे पाणी अगदी आरशासारखं असलं तर विमान जास्त चिकटतं. मग आधी एक-दोन गोल फेऱ्या मारून आपल्याच लाटा करायच्या आणि त्यांच्यावरनं पळवायचं, खऱ्या सीप्लेनचे पायलटही हेच करतात. उतरताना तर आरसा आणखी वाईट, पाणी नेमकं कुठे सुरू होतं तेच दिसत नाही. पोटाखालची टेप दर वेळी कालवांच्या धारेने फाटते, त्यावर अजून उपाय नाही.

पुढची अष्टमी मंगळवारी येतेय. रजेचा अर्ज टाकलाय, कारणात 'घरगुती काम' लिहिलंय.