उधाण हातचे सोडले तो दिवस

दाभोळच्या खाडीकाठी एका लहानशा यार्डात शिडाच्या बोटींची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की आमच्याकडच्या यांत्रिक नौका समुद्रात उतरतात. हौशी मालकांच्या शिडाच्या बोटी मात्र आश्विन उजाडेपर्यंत ताडपत्रीखाली जमिनीवरच असतात. त्यांना नैऋत्येचा मारा नको असतो, पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा वारा हवा असतो.

ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे तो कोजागरीचा आदला दिवस होता. अठ्ठावीस फुटांची, पंचवीस वर्षे वयाची एक फायबरची बोट दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडायची होती. तिच्या कीलमुळे, म्हणजे तळाखाली उतरलेल्या जड पात्यामुळे, तिला निदान पाच फूट पाणी लागते आणि आमच्या उतारावर तेवढे पाणी फक्त उधाणाच्या भरतीला येते. पौर्णिमेचे दोन-तीन दिवस चुकले की सरळ अमावस्येची वाट पाहावी लागते. मालकांनी पुण्याहून पाहुणे बोलावले होते. तळ खरवडून त्याला नवा रंग दिलेला होता, शाफ्टवरचा, इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा बदलला होता, इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा नवा घातला होता आणि तळाचे सगळे वॉल्व्ह उघडझाप करून पाहिले होते. फक्त डोलकाठी उभी करणे बाकी होते.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, त्यांना चेनप्लेट म्हणतात. ही पट्टी डेकमधल्या चिरेतून खाली उतरते आणि केबिनच्या आत प्लायवूडच्या आडभिंतीला बोल्टांनी जखडलेली असते. बाहेरून तिचा चार बोटे भाग दिसतो, बाकी सगळी कपाटाच्या आड असते. उजव्या पट्टीच्या बुडाशी डेकवर तांबूस ओघळ आला होता. मी पॉलिशचे फडके हातात घेतलेही होते, तेवढ्यात लाकडी होड्या बांधण्यात आयुष्य गेलेले आमचे मिस्त्री केबिनमधून म्हणाले, “जरा खाली या. हे पोकळ वाजतंय.” ते बोटाच्या पेराने आडभिंतीवर टकटक करत होते. खालच्या भागाचा आवाज टणक होता, वरचा डेकलगतचा भाग मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा बद्द वाजत होता.

चार बोल्ट काढले आणि पट्टी सैल व्हावी म्हणून लाकडी हातोडीने एक हलका ठोका दिला. पट्टी डेकच्या पातळीवर तुटून माझ्या हातात आली.

तुटलेला भाग उन्हात नेऊन पाहिला तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. छेदाचा तीन-चतुर्थांश भाग काळपट तपकिरी, म्हणजे जुनाच तडकलेला होता. कडेचा नखाएवढा तुकडा तेवढा ताजा आणि चकचकीत होता. गेला संपूर्ण हंगाम डोलकाठीची ती बाजू एवढ्याशा धातूने तोलली होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, हे आम्ही नवख्यांना दर वर्षी शिकवतो.

स्टेनलेस पोलाद गंजत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या प्राणवायूमुळे तो पुन्हा धरतो. डेकच्या चिरेतले सीलंट, म्हणजे फट बुजवणारे लुकण, मात्र कधीतरी सुटलेले होते. तेथे खारे पाणी साचून राहिले, अरुंद फटीत प्राणवायू पोहोचेना आणि मिठातल्या क्लोराइडने धातू आतून पोखरला. वर उघड्यावर असलेला भाग आरशासारखा लखलखत होता, कारण त्याला हवा मिळत होती.

मालक संध्याकाळी आले. तुकडा पाहून त्यांनी साहजिकच विचारले, “मागच्या वर्षी तुम्ही हे तपासले होते ना?” मला खोटे बोलता आले असते. पण मागच्या ऑक्टोबरात तोच ओघळ मी पॉलिशने पुसून काढला होता आणि कागदावर ‘ठीक’ असा शेरा मारला होता, हे मी त्यांना सांगितले. ते चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते. तरीही पाहुण्यांसाठी निदान इंजिनावर खाडीत एक फेरी मारू, असे त्यांनी सुचवले. आडभिंत कुजलेली असताना बोट उतरवायची आणि पुन्हा वर ओढायची, यात काही अर्थ नव्हता. मी नकार दिला. उधाण आले, उतारावर पाणी चढले आणि उतरून गेले.

नव्या पट्ट्यांसाठी फेरीबोटीने धोपाव्याला जाऊन पुढे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत गेलो. तेथे रसायनांचे कारखाने असल्याने ३१६ प्रतीचे, म्हणजे मिठाला जास्त टिकणारे स्टेनलेस पोलाद घडवणाऱ्या कार्यशाळा आहेत. वाटेत एका दुकानदाराने पट्टीला लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ३१६च’ अशी ग्वाही दिली होती. ३०४ या साध्या प्रतीच्या स्टेनलेसलाही चुंबक सहसा चिकटत नाही. दोन्हींतला फरक ३१६ मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा असतो आणि तो चुंबकाला कळत नाही. मी मालाचे प्रमाणपत्र पाहून पट्ट्या घेतल्या. डावी पट्टीही काढली. वरून ती निर्दोष दिसत होती, तडे शोधणारा लाल द्रव लावून त्यावर पांढरा फवारा मारताच तिच्यावरही केसासारखी बारीक रेघ उमटली. मिस्त्रींनी कुजलेला प्लायवूड कापून नवा बसवला आणि डेकमधली चीर रुंद करून तिच्यात सीलंट जाडसर भरले.

पुढची अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. त्या दिवशी यार्डात कोणी येणार नव्हते, म्हणून बोट पाडव्याच्या भरतीला उतरवली. पट्ट्यांच्या मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत. मालकांनी आग्रह केला नाही. सामानाचे बिल तेवढे चुकते केले आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर ‘चेनप्लेट काढून पाहणे’ अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहून ठेवली.