अगत्तीचा परवाना आणि पाडलेल्या इमारतीचा पत्ता

लक्षद्वीपला जायचं तर भारतीयांनाही परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. त्या परवान्यासाठी आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आणायचं असतं, हे आम्हाला जायचं ठरवल्यावर कळलं. आणि ज्यांची इमारत पुनर्विकासाला गेलीय त्यांना ते प्रमाणपत्र मिळवताना काय सोसावं लागतं, हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हा सगळा प्रपंच. आमच्या ठाणे शहरात नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी, कुठेही जा, दर दुसऱ्या गल्लीत पत्रे लागलेत. त्या पत्र्यांमागे ज्यांचं घर होतं त्यांना हे प्रमाणपत्र आज ना उद्या लागणारच, फिरायला नाही तर नोकरीसाठी, मुलांच्या व्हिसासाठी.

जाणारे आम्ही तिघं. मी, माझे मिस्टर आणि कळव्याला राहणारी माझी नणंद. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्यात तोंड घालून मासे पाहिले तेव्हापासून मला स्नॉर्केलिंगचं वेड लागलंय. तिथलं पाणी कधी स्वच्छ तर कधी गढूळ. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाचं पाणी काचेसारखं असतं आणि बेटावर गर्दी नसते, एवढ्या दोन गोष्टींवर ठरवून टाकलं.

परवाना का लागतो, हे मला पटलेलं आहे. लक्षद्वीपच्या छत्तीस बेटांपैकी जेमतेम दहांवर वस्ती आहे, तिथले बहुसंख्य रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात, आणि त्यांच्या जमिनी व जगणं सांभाळायला 1967 पासून प्रवेशाचे नियम आहेत. बाहेरच्याने कुठल्या बेटावर, किती दिवस, कुणाकडे, हे आधी सांगून जायचं. माझी तक्रार त्या नियमाशी अजिबात नाही. ती इथे ठाणे शहरातच सुरू होते आणि इथेच संपते.

अर्ज ऑनलाइन. फोटो, सही, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्माचा पुरावा, फी. नणंदेने भरला, तिला बोलावणं आलं, ती गेली, प्रमाणपत्र आलं. तिच्याबाबत सांगण्यासारखं एवढंच.

आमचं जुनं घर स्टेशनच्या बाजूला. इमारत खाली करून बिल्डरच्या ताब्यात दिली आणि आम्ही घोडबंदर रोडला भाड्याने आलो. आधार, बँक, गॅस, मतदार यादी, सगळं जुन्या पत्त्यावर. नवं घर त्याच जागी उभं राहणार, मग दोन-तीन वर्षांसाठी सगळ्या कागदांवरचा पत्ता बदलून पुन्हा बदलायचा कशाला, असं आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने धरलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. अर्जात दोन चौकोन असतात, कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. कायमचा पत्ता तात्पुरता अस्तित्वात नाही, अशी सोय त्या अर्जात नाही.

दुपारी ऑफिसात असताना फोन आला. "मॅडम, मी तुमच्या पत्त्यावर उभा आहे. इथे तर पत्रे लावलेत, आत खड्डा आहे." मी सांगितलं की साहेब, इमारत पाडलीय, आम्ही भाड्याने राहतोय, सध्याच्या पत्त्यात तो लिहिलाय, भाडेकरारही जोडलाय. ते म्हणाले, "ठीक आहे, बघतो." पुढच्या आठवड्यात साइटवर शेरा दिसला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. अर्ज बंद. मिस्टरांचाही बंद.

मग जुन्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथे म्हणाले, तुम्ही आता आमच्या हद्दीत राहत नाही, जिथे राहता तिथून करा. रास्त वाटलं. नव्या पत्त्यावरून अर्ज केला, पुन्हा फी भरली. नव्या हद्दीतल्या ठाण्यात म्हणाले, आधार जुन्या पत्त्याचं, भाडेकरार अकरा महिन्यांचा, तुम्ही इथे किती दिवस राहणार काय माहीत, तुमचा रेकॉर्ड जुन्या हद्दीत, तिथूनच करून घ्या. मी म्हटलं, तिथूनच आम्हाला इकडे पाठवलंय. "मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा."

लेखी कुणी देत नाही. ज्यांच्याकडे मागायचं ते एकदा राउंडला होते, एकदा कोर्टात होते, मग नवरात्र लागलं आणि सगळे बंदोबस्ताला. टेंभी नाक्याच्या देवीला किती गर्दी लोटते ते ठाणेकराला सांगायला नको, त्यामुळे बंदोबस्ताबद्दल माझं काही म्हणणं नाही. दिवसरात्र उभी असतात ती माणसं. म्हणणं एवढंच, की "आज होणार नाही, दसऱ्यानंतर या" हे दारातच सांगता येतं. त्यासाठी सकाळपासून बाकड्यावर बसवून ठेवायची गरज नव्हती. त्या बाकड्यावर माझ्याशेजारी एक मुलगा होता. त्याला नोकरीसाठी हेच प्रमाणपत्र हवं होतं, जॉइनिंगची तारीख डोक्यावर आलेली, आणि त्याचीही इमारत पाडलेली. माझी फार तर सहल हुकली असती, त्याची नोकरी अडकली होती. त्याला पाहून मला खरा संताप आला. घर पाडलं म्हणून माणूस बेपत्ता होत नाही. त्याच्याकडे बिल्डरशी केलेला नोंदणीकृत करार असतो, दर महिन्याला खात्यात जमा होणारं भाडं असतं, मालकाशी केलेला करार असतो. इतका कागदोपत्री पक्का माणूस दुसरा सापडणार नाही, आणि नेमका तोच कुठल्याच हद्दीत बसत नाही!

गाठ सुटली ती एका वयस्कर हवालदारांमुळे. दसऱ्यानंतर गेले तेव्हा टेबलावर ते होते. फाइल उघडून त्यांनी एकेक कागद पालथा घातला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरमालकाने भाडेकरूची नोंद केली होती का पोलिसांकडे?" करार झाला तेव्हा एजंटने कसलीतरी पीडीएफ पाठवल्याचं आठवलं. तिथेच उभी राहून फोनमध्ये शोधायला लागले. व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या पाणीकपातीचे निरोप, लग्नपत्रिका, शुभ सकाळ, सगळं वर ढकलत गेले आणि सापडली. आमच्या दोघांचे फोटो, भाड्याचा पत्ता, मालकाचं नाव, आणि वर याच ठाण्याचं नाव. हवालदारांनी फोन हातात घेऊन ते मोठं करून वाचलं. म्हणाले, "मग तुम्ही आमच्याच हद्दीतले. हे तर आमच्याच कागदावर आहे. याची प्रिंट लावा, सोसायटीचं पत्र लावा, बिल्डरच्या करारातलं पत्त्याचं पान लावा." बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली तोवर त्यांनी शेजाऱ्यांच्या जबाबाचे कागद तयार ठेवले होते.

बस. दिवाळीच्या आत दोघांची प्रमाणपत्रं आली. मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती पावती आपण खणात टाकून विसरतो. तीच इथे चावी ठरली. पहिल्याच दिवशी हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर दोन ठाण्यांमधले हेलपाटे वाचले असते. तो मुलगा पुन्हा दिसला नाही, पण त्या दिवशी बाकड्यावर जे कुणी भाडेकरार हातात धरून बसले होते त्यांना मी हे सांगूनच बाहेर पडले.

पावतीवर दोघांचीही नावं आहेत का, तेही बघा. एजंट घाईत नवऱ्याचं एकट्याचंच नाव टाकतात. आमच्यात दोघांचे फोटो होते म्हणून निभावलं.

पुढचं भराभर झालं. प्रमाणपत्र हातात आल्यावर अगत्तीच्या यजमानांमार्फत ऑनलाइन परवान्याचा अर्ज गेला आणि परवाना मेलवर आला. विमानाचं तिकीट मात्र परवाना येईपर्यंत काढू नका. दर वाढतात, आमचेही वाढले, पण परवाना नसेल तर तिकिटाचा उपयोगच नाही. आणि हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या आधी त्या वेळची कागदांची यादी यजमानांना किंवा एजंटला विचारून घ्या.

कोचीपर्यंत आम्ही नेत्रावती एक्स्प्रेसने गेलो, ठाण्यालाच चढता येतं. तिकीट एर्नाकुलमपर्यंत काढायची गरज नाही, आलुव्याला उतरा. कोचीचा नेदुंबासेरी विमानतळ तिथून जवळ आहे. कोचीहून अगत्तीला छोटं पंख्याचं विमान जातं, दीड तासाच्या आसपास लागतो. सामानाची मर्यादा कमी असते, वजन घरीच करून घ्या. उतरताना खिडकीजवळ बसायला मिळालं तर सोडू नका. बेटाच्या दक्षिण टोकाला धावपट्टी, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि निळ्याचे इतके प्रकार मी एका ठिकाणी कधी पाहिले नव्हते. विमानतळावर पोलीस परवाना तपासतात. त्याच्या दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवा, फोनवर विसंबू नका.

अख्खं बेट चार चौरस किलोमीटरचंही नाही. माडांच्या सावलीतला रस्ता, सायकली, शाळेत जाणाऱ्या मुली, मशिदी. लोक मल्याळम बोलतात, हिंदीत काम भागतं. दारूबंदी आहे. गावात फिरताना अंगभर कपडे घाला. तो त्यांचा गाव आहे, आपण पाहुणे. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात. रोख पैसे पुरेसे न्या.

आता पाण्याबद्दल, ज्यासाठी एवढं केलं. प्रवाळाची भिंत बेटापासून दूर असते आणि तिच्या आत उथळ, शांत पाणी साठतं, त्याला लगून म्हणतात. पश्चिमेच्या लगूनमध्ये मी तास न् तास तरंगत होते. ओहोटीला उतरू नका, पाणी इतकं कमी होतं की पाय प्रवाळाला लागतात. तुम्हाला खरचटतं आणि प्रवाळाचा जीव जातो. भरतीची वेळ यजमानांना विचारून जा. मास्क आतून धुकटतो, त्यावर थुंकी चोळून खळबळून काढणं हाच उपाय. मिस्टरांच्या मिशीमुळे पाणी आत यायचं, तिथे व्हॅसलीन लावल्यावर थांबलं. पाठ उन्हाने भाजते आणि पाण्यात असताना कळत नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाला.

पोपटमासा प्रवाळ खातो तेव्हा पाण्याखाली कटकट आवाज येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ कुरतडतो, आत भरडतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. मी त्याच्या मागे राहून ते डोळ्यांनी पाहिलं, धुरासारखा पांढरा लोट सुटतो. किनाऱ्यावरची ती सुंदर वाळू बरीचशी अशीच बनलेली. आणि कासव! हिरव्या जातीचं, परातीएवढं, समुद्री गवत चरत होतं. मान खाली, एक घास, थोडं पुढे, परत घास. मी हलले नाही, त्यानेही माझी दखल घेतली नाही. नणंदेला पोहता येत नाही, तिने लाइफ जॅकेट घालून गाइडचा हात धरून हे सगळं पाहिलं. तेव्हा पोहता येत नाही म्हणून मागे राहू नका.

पण काही ठिकाणी प्रवाळ मेलेलाही दिसतो, करडा, शेवाळलेला. पाणी तापलं की प्रवाळ पांढरा पडतो. इथे 1998, 2010 आणि 2016 ला मोठे तडाखे बसले. म्हणूनच सांगते, एकही तुकडा उचलून आणू नका. तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सामान तपासलं जातं.

जेवण म्हणजे कुपा (ट्यूना मासा). आपल्याकडे कुपा फार कुणी कौतुकाने खात नाही, मीही खात नव्हते. इथले कोळी तो जाळ्याने न पकडता काठी आणि गळाने एकेक काढतात, आणि सकाळचा मासा दुपारी ताटात असतो. यजमानीणबाईंनी केलेलं खोबऱ्याचं कालवण, मिरपुडीत परतलेले तुकडे, सोबत जाड तांदळाचा भात. एका रात्री माकूळच्या जातभाईचं, म्हणजे ऑक्टोपसचं सुकं होतं, ते मी दोनदा मागून घेतलं. मासमीन म्हणजे उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा, लाकडासारखा कडक. तो कुटून खोबरं, कांदा, मिरचीबरोबर कालवतात. आपल्या भाजलेल्या सुकटीच्या चटणीवर प्रेम असणाऱ्याने तो चाखलाच पाहिजे. आम्ही दोन पाकिटं आणली. विमानात न्यायची तर नीट बंद करून घ्या, वास दरवळतो.

शाकाहारी माणसांनी आधी कळवा. भाजीपाला मुख्य भूमीवरून येतो, जहाज लांबलं की बेटावर भाजी नसते. आणि पावसाळ्यात जाऊ नका, ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतच ठरवा. त्या हिशेबाने प्रमाणपत्राचा अर्ज गणपतीच्या आधी टाका, म्हणजे नवरात्राच्या बंदोबस्तात अडकणार नाही. भाडेकरूच्या नोंदीची पावती पहिल्याच अर्जाला जोडा, आणि साइटवर जागा नसेल तर भाडेकराराच्याच पीडीएफमध्ये शेवटचं पान म्हणून घाला.