मोडलची संगत

रविवार, रात्री

आज वहीची मांडणी बदलली. आतापर्यंत इंग्रजीतली मोडल क्रियापदं (शक्यता, परवानगी, सक्ती असं काही सांगायला मुख्य क्रियापदाआधी येणारी) एका भागात आणि क्रियापद-नामाच्या ठरलेल्या जोड्या दुसऱ्या भागात, असं चाललं होतं. व्याकरणाच्या पुस्तकांतही साधारण तसंच असतं. एका धड्यात कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड हे नऊ जण रांगेत उभे, आणि बरीच पानं उलटल्यावर कुठेतरी मेक अ डिसीजन, पे अटेन्शन, कॅच अ कोल्ड. बोलताना मात्र ही मंडळी एकत्रच येतात. नुसतं "मेक अ डिसीजन" कोण म्हणतं? तो निर्णय कुणीतरी घ्यायला हवा असतो, घेऊ शकला असता, किंवा घ्यायला नको होता.

म्हणून प्रत्येक जोडीच्या आधी मोडल लावून पाहत बसले. बघता बघता असं दिसायला लागलं की मोडलचा अर्थ पुरता त्याच्या स्वतःकडे नसतोच. तो पुढची जोडी ठरवते.

"मे" घेतलं. यू मे टेक अ ब्रेक, ही परवानगी. इट मे टेक टाइम, ही शक्यता. टेक दोन्हीकडे आहे, पण सुट्टी माणूस घेतो आणि वेळ कामाला लागतो. कामाला परवानगी कोण देणार? "कॅन"चंही तेच. शी कॅन मेक प्रोग्रेस म्हटलं की तिच्या कुवतीबद्दल बोलणं चाललंय. एनीवन कॅन मेक अ मिस्टेक म्हटलं की कुवतीचा प्रश्नच मिटतो, चूक कुणाच्याही हातून होऊ शकते एवढंच उरतं. शब्दकोशात "कॅन"खाली अर्थांची यादी असते, पण त्यातला कुठला उचलायचा याची खूण नामात लपलेली असते.

"मस्ट"ने तर बहार आणली. यू मस्ट पे द फाइन, हा दम. यू मस्ट पे अस अ व्हिजिट, हा आग्रह, अगदी "यायचंच हं!" म्हणतो तसा. मस्ट तेच, पे तेच. फरक एवढाच की दंडात ऐकणाऱ्याचं नुकसान आहे आणि भेटीला येण्यात त्याचा मान. मग ही मस्ट हॅव मेड अ मिस्टेक. इथे ना दम, ना आग्रह, निव्वळ अंदाज: त्याची चूक झाली असणार. सक्ती झाली होती असं सांगायचं असेल तर मस्ट कामाचं नाही, ही हॅड टू मेक अ डिसीजन म्हणावं लागतं. सक्तीचा भूतकाळ सांगायला मस्टकडे स्वतःचं रूपच नाही. आणि गंमत अशी की मस्ट हे मुळात जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे! कॅन, मे, शॅल यांचीही घडण जुन्या भूतकाळी रूपांसारखी. पुढे ती वर्तमानकाळी म्हणून चालू लागली. ही कॅन, शी मे यांना शेवटी "एस" का लागत नाही, त्याचं कारण हेच. शाळेत हे सांगितलं असतं तर तो नियम असा कोरडा वाटला नसता.

भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचं 1957 मधलं एक वाक्य या विषयात सारखं भेटतं: शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. ते सहसा मेक आणि डिसीजन यांच्यासारख्या जोड्यांसाठी सांगतात. माझ्या मते ते मोडललाही तितकंच लागू आहे, आणि तिथे कुणी फारसं वापरत नाही.

मधल्या क्रियापदाची मात्र दया येते. मेक, टेक, हॅव, गिव्ह यांच्याकडे अशा जोडीत स्वतःचा अर्थ जवळजवळ उरतच नाही, सगळा भार नामावर. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1942 मध्ये अशा क्रियापदांना "लाइट व्हर्ब" म्हटलं. लाइट म्हणजे हलकं. हलकं असलं तरी अडवतं तेच, कारण तर्काने ते सापडत नाही. आपण लक्ष देतो, इंग्रजी माणूस ते "पे" करतो. आपण खोटं बोलतो, तो खोटं "टेल" करतो. आपल्याला सर्दी होते, तो जाऊन ती पकडतो. पण आपणही कमी नाही. आपण मार खातो, शपथ खातो, भाव खातो, लाच तर खातोच. आपल्या या भुकेचं कोडं बाहेरच्या माणसाला सुटायचं नाही. शपथ घेणं, भाग घेणं, काळजी घेणं, इथे मात्र दोन्ही भाषांचं एकमत: घेणं आणि टेक.

मोडल आधी आलं की एक सोय होते. क्रियापद मूळ रूपात राहतं. टेक, टुक, टेकन किंवा कॅच, कॉट ही सगळी कटकट जाते. मस्ट टेक, कुड कॅच, बस. सोय टिकते ती "हॅव" येईपर्यंत.

या हॅवपाशी आज बराच वेळ गेला. वुई शुड हॅव अ टॉक आणि वुई शुड हॅव टॉक्ड. पहिल्यात हॅव ते हलकं क्रियापद आहे आणि अर्थ: आपण बोलायला हवं. दुसऱ्यात हॅव काळ मागे नेतं: आपण बोलायला हवं होतं. एका इवल्याशा "अ"वर अख्खा पश्चात्ताप टांगलेला. आणि बोलताना हे दुसरं हॅव इतकं आखडतं की मातृभाषा इंग्रजी असलेले लोकही त्याच्या जागी चुकून "ऑफ" लिहितात. दोन्ही हॅव शेजारी शेजारीही बसतात: दे मस्ट हॅव हॅड अ लुक. पहिलं काळाचं, दुसरं पाहण्याचं. लिहिताना पुनरुक्ती वाटते, पण एकही काढता येत नाही.

सोमवार, संध्याकाळ

आदबीचा मुद्दा काल राहून गेला. आपल्याकडे तू लक्ष दे, तुम्ही लक्ष द्या, आपण लक्ष द्यावं अशा पायऱ्या आहेत. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू", म्हणून आदबीचं बरंच ओझं मोडलवर पडतं: कॅन यू, कुड यू, वुड यू. कॅनपेक्षा कुड नम्र, असं पाठ करून घेतात. बरोबर आहे, पण अर्धंच. कुड यू गिव्ह मी अ हँड ही गोड विनंती. कुड यू पे अटेन्शन ही विनंतीच्या कपड्यातली कानउघाडणी, मागे प्लीज जोडलं तर जास्तच बोचरी, कारण लक्ष दे म्हणण्यातच "तुझं लक्ष नाही" हे आलं. नम्रतासुद्धा जोडीच्या मर्जीवर!

म्हणून मला वाटतं, तपासणाऱ्यांची लाल शाई चुकीच्या जागी सांडते. डू अ मिस्टेक लिहिलं की लगेच गोल. त्याने फार तर बोलणारा परका वाटतो, अर्थ पोचतोच. वरिष्ठांना यू मस्ट टेक अ डिसीजन असं लिहिलं तर मात्र व्याकरणात कुठेच बोट ठेवता येत नाही आणि समोरचा दुखावतो. त्याला गोल कुणी करत नाही.

नकारात तर आपली मराठी आणखी घोळ घालते. "लवकर उठायला नको" म्हणजे उठायची गरज नाही. "असं बोलायला नको" म्हणजे बोलणं बरं नाही. नको एकच. इंग्रजीत यू डोन्ट हॅव टू टेक अ रिस्क म्हणजे धोका पत्करायची गरज नाही, तुझी मर्जी. यू मस्ट नॉट टेक अ रिस्क म्हणजे पत्करता कामा नये. आपल्या "नको"ची सवय घेऊन तिथे गेलं की सूट कुठली आणि मनाई कुठली, हे दर वेळी थांबून पाहावं लागतं. पाठांतराचा इथे उपयोग कमी. निदान मला तरी वाक्य मनात मराठीत आलं की आधी "कामा नये" की "गरज नाही" हे विचारावं लागतं.

"कीप"चं पान आज सुरू केलं. आय विल कीप माय प्रॉमिस, म्हणजे वचन पाळण्याचं आणखी एक वचन. कॅन यू कीप अ सीक्रेट, हा वरवर कुवतीचा प्रश्न, पण विचारणाऱ्याने सांगायचं आधीच ठरवलेलं असतं. "शुड"बरोबर प्रॉमिस आणि सीक्रेट दोन्ही चालतात, "माइट"बरोबर दोन्ही जरा संशयास्पद वाटतात. "कीप क्वाएट" या पानावर घ्यायचं की नाही ते ठरत नाहीये. क्वाएट इथे नाम नाही.