तुम्ही विचारलंत म्हणून: 'मॅश' तिसऱ्या सीझनपासून का?

'मॅश' म्हणजे कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची जुनी अमेरिकन विनोदी मालिका. प्रश्न बहुतेक असा येतो: "'मॅश' बघायची म्हणतोय, पण अकरा सीझन आणि अडीचशेच्या वर भाग! सुरुवात कुठून करू?" तिसऱ्या सीझनपासून करा. १० सप्टेंबर १९७४ ते १८ मार्च १९७५ या काळात अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दाखवलेले २४ भाग. एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. रोज दोन पाहिलेत तर बारा दिवसांत सीझन संपतो.

"म्हणजे पहिले दोन सोडून द्यायचे?" सोडायचे नाहीत, मागाहून बघायचे. १९७२ साली मालिका सुरू झाली तेव्हा त्याच नावाच्या १९७० च्या सिनेमाचा वास तिला होताच: नर्सांच्या मागे धावणं, दारूच्या पार्ट्या, वरिष्ठांची फजिती. पहिल्या वर्षी ती लोकप्रियतेच्या यादीत ४६ व्या क्रमांकावर होती. त्या सीझनमधला एकच भाग आधी बघून घ्या, सतरावा, 'समटाइम्स यू हिअर द बुलेट'. मालिकेचा नायक, सर्जन हॉकाय, याचा जुना मित्र त्याच्याच ऑपरेशनच्या टेबलावर मरतो. विनोदी मालिकेत असं चालतं, हे लेखकांना त्या भागात कळलं. पुढे दीड वर्षाने त्यांनी त्याचं काय केलं, ते तिसऱ्या सीझनमध्ये दिसतं.

पात्रांची ओळख करून घ्यायला वेळ लागत नाही. कोरियन युद्ध चालू आहे (जून १९५० ते जुलै १९५३), आणि उइजाँगबूजवळ ४०७७ क्रमांकाचं फिरतं लष्करी रुग्णालय आहे, तंबूंचं. हॉकाय पिअर्स (अ‍ॅलन आल्डा) आणि ट्रॅपर जॉन (वेन रॉजर्स) हे सक्तीने आणलेले, हाताला पक्के आणि शिस्तीला कच्चे सर्जन. फ्रँक बर्न्स शिस्तीला पक्का, हाताला कच्चा. मार्गारेट हुलिहान मुख्य नर्स. कमांडर हेन्री ब्लेक भला, गोंधळलेला, मासे पकडायची टोपी घालणारा. रडार हा कारकून आणि खरं तर तोच रुग्णालय चालवतो. एवढं पुरे. तारखांचा हिशेब मात्र ठेवू नका. या सीझनमध्ये कोरियातल्या फौजांचे सरसेनापती जनरल मॅकआर्थर येतात, ज्यांना एप्रिल १९५१ मध्ये पदावरून काढलं गेलं होतं, आणि पुढच्या सीझनमधला नवा कमांडर सप्टेंबर १९५२ मध्ये रुजू होतो. तरी नंतरच्या एका भागात तोच कमांडर १९५१ सालभर हजर असतो. लेखकांनी पंचांग कधी उघडलंच नाही.

आता हसण्याविषयी, कारण तिसरा सीझन का, याचं उत्तर त्यातच आहे. मालिका घडवणारे लॅरी गेलबार्ट आणि निर्माते जीन रेनल्ड्स यांना पार्श्वभूमीला भरलेलं तयार हसू (प्रेक्षक हसल्याचा ध्वनिमुद्रित आवाज) नको होतं. वाहिनीला हवं होतं. तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरमध्ये हसू वाजणार नाही. वाजवायचं तर बाहेर: तंबूत, मेसमध्ये, कमांडरच्या कचेरीत. ही नुसती सवलत होती. तिसऱ्या सीझनमध्ये लेखकांनी तिचं हत्यार केलं. पात्रं थिएटरमध्येही तेवढेच विनोद करतात, पण कुणी हसत नाही. मग तोच विनोद झोप न मिळालेल्या माणसाच्या बडबडीसारखा ऐकू येतो.

डीव्हीडीच्या संचात हसू बंद करून भाग ऐकायची सोय आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका दाखवली तीही हसू काढून. बरेच जाणकार तेच करा म्हणतात. माझं मत उलट आहे: पहिल्यांदा बघताना हसू चालू ठेवा. सगळीकडेच शांतता असेल तर थिएटरच्या दारात ती जाणवणार कशी? दुसऱ्या खेपेला खुशाल बंद करा. आपल्या हाती आलेली प्रत बावीस मिनिटांची असेल तर पुनःप्रक्षेपणात जाहिरातींसाठी कापलेली आहे, ती घेऊ नका. चित्र मूळचं चौकोनी आहे. रुंद पडदा भरून दिसत असेल तर वरखालचा भाग छाटलाय, आणि थिएटरच्या दृश्यांत खालच्या भागात हात असतात.

पाचवा भाग 'ओ.आर.' (म्हणजे ऑपरेटिंग रूम) या दृष्टीने आधी नीट बघावा असा. अख्खा भाग थिएटर आणि त्याला लागून असलेल्या खोल्यांत घडतो, म्हणून पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हसू नाही. इथे कथा अशी फारशी नाहीच, फक्त काम आहे, आणि ते कसं चालतं हे माहीत असलं की भाग दुप्पट कळतो.

जखमी आले की आधी वर्गवारी होते. थांबला तर मरेल तो आत, थांबू शकेल तो बाहेर, आणि ज्याच्यावर दोन तास घातले तर दुसरे दोघं जातील, तो बाजूला. यातला तिसरा निर्णय सगळ्यात वाईट, आणि संवादांमध्ये तो परत परत येतो. आत गेल्यावर पोट आणि छाती आधी. पोटाच्या जखमेत सर्जन आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांतून सरकवत भोकं मोजतो. गोळी एका बाजूने शिरून दुसरीकडून निघते, त्यामुळे भोकं सहसा समसंख्येत सापडतात. विषम आकडा आला की पुन्हा पहिल्यापासून. एक राहून गेलं तर सगळं पोट सडतं. हातापायाच्या जखमेतलं मेलेलं मांस कापून ती मुद्दाम उघडी ठेवतात आणि चारपाच दिवसांनी मागच्या रुग्णालयात शिवतात. घाईने तिथेच शिवली तर आत हवेविना वाढणारे जंतू कोंडले जातात. दिसायला हे ओबडधोबड काम. हेतू एवढाच की माणूस सोल किंवा तोक्योपर्यंत जिवंत पोचावा. दुसऱ्या महायुद्धात रुग्णालयात पोचलेल्या अमेरिकन जखमींपैकी सुमारे साडेचार टक्के दगावत, कोरियात ते प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आलं.

याच भागात हॉकाय थांबलेलं हृदय छाती उघडून हातात धरतो आणि दाबत राहतो. आजचा प्रेक्षक म्हणतो, वरून का नाही दाबत? कारण बंद छातीवर दाब देण्याची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात आली १९६० मध्ये. १९५१ च्या तंबूत छाती उघडणं हेच बरोबर होतं. मालिकेला डॉ. वॉल्टर डिशेल हे वैद्यकीय सल्लागार होते, आणि अशा ठिकाणी त्याचा उपयोग दिसतो.

सतराव्या 'द कन्सल्टंट' भागात धमनीचा प्रश्न आहे. मांडीची मुख्य धमनी तुटली तर दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा सर्रास उपाय म्हणजे ती बांधून टाकणं. जीव वाचायचा, पाय बहुतेक वेळा जायचा. बांधलेल्या धमन्यांच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास अवयव कापावे लागत. कोरियात सर्जननी धमनी जोडायला, किंवा मधला तुकडा गेला असेल तर दुसरा बसवायला सुरुवात केली, आणि प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर आलं. यात खरा शत्रू घड्याळ. सहाआठ तास रक्त पोचलं नाही की स्नायू मरतात, मग शिवण कितीही सुबक असो. उशिरा रक्त सुरू झालं तर स्नायू सुजून आपल्याच वेष्टनात आवळले जातात. ते वेष्टन लांब चिरून मोकळं करावं लागतं, नाहीतर जोडलेली धमनी पुन्हा बंद. शीर्षकात दिसणारं बेलचं छोटं हेलिकॉप्टर म्हणूनच महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना बाहेर एकेक स्ट्रेचर, वाटेत उपचार जवळजवळ शून्य, मिळतो तो फक्त वेळ. भागात बाहेरून आलेला निष्णात सर्जन बोरेली ही शस्त्रक्रिया शिकवणार असतो आणि ऐन वेळी दारू प्यालेला निघतो; करायची हॉकायला. बोरेलीचं काम केलंय रॉबर्ट आल्डा यांनी, अ‍ॅलन आल्डाचे वडील. बापलेकांतला तो शेवटचा संवाद ऐकताना हे लक्षात असू द्या.

'एड स्टेशन' हा एकोणिसावा भाग आणखी पुढे, आघाडीला लागून असलेल्या प्रथमोपचार ठाण्यात नेतो. हॉकाय, मार्गारेट आणि क्लिंगर (वेडा ठरून घरी जाता यावं म्हणून बायकांचे कपडे घालणारा शिपाई) तिथे तोफांच्या माऱ्यात काम करतात. मार्गारेट इथून पुढे टिंगलीचा विषय राहत नाही. तिच्यासाठी या सीझनमधला एकच भाग बघायचा असेल तर हाच. भारतीय प्रेक्षकाला इथे आपली ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स आठवायला हरकत नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ती नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली आणि असंच आघाडीलगतचं काम करत राहिली. प्याँगयाँगमधून माघार घेताना वाहनं नव्हती, तर या मंडळींनी एक रेल्वे इंजिन पैदा केलं, स्वतःच चालवलं आणि औषधांसकट बाहेर पडले. मार्च १९५१ मध्ये मुन्सान इथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर रंगराज आणि त्यांचे काही लोक विमानातून छत्रीने उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. मालिकेत या तुकडीचा पत्ता नाही.

निव्वळ हसायचं असेल तर अकरावा 'अ‍ॅडम्स रिब्ज'. अकरा दिवस मेसमध्ये एकतर कलेजी नाहीतर मासे. हॉकाय भडकतो, आणि शिकागोहून बरगड्यांचं मांस वैद्यकीय साहित्य म्हणून मागवायचा घाट घालतो. लेखनाची शिस्त बघा: फोन, ओळखी, लाच, कागदपत्रं, प्रत्येक पायरीवर नवी अडचण, आणि ताट समोर आलं की जखमी दाखल. एकविसाव्या 'बिग मॅक'मध्ये मॅकआर्थरच्या स्वागताची तयारी चालते. क्लिंगरचा शेवटचा पोशाख मी सांगत नाही.

कच्चे दुवेही आहेत. 'लव्ह अँड मॅरेज' आणि 'पेडे' मागे ठेवलेत तरी चालेल. कोरियन माणसं बहुतेक वेळा गरीब, गोड किंवा लबाड यापलीकडे जात नाहीत. नर्सांची नावंही लेखकांच्या लक्षात राहत नाहीत. आणि ट्रॅपरवर अन्याय झालाय. कागदावर तो हॉकायच्या बरोबरीचा, पण चांगले संवाद सगळे हॉकायकडे. सातवा 'चेक-अप' त्याचा: अल्सर निघतो, घरी जायची आशा लागते, निरोपाची पार्टी ठरते, आणि मग कळतं की नियम बदललाय, अल्सरवर आता इथेच उपचार. सीझन संपल्यावर रॉजर्स मालिका सोडून गेला. ट्रॅपरला निरोपाचा भाग मिळालाच नाही.

हेन्रीला मिळाला. शेवट ठाऊक नसेल तर इथे थांबा आणि चोविसावा भाग 'अ‍ॅबिसिनिया, हेन्री' बघून या.

हेन्रीचं काम करणाऱ्या मक्लीन स्टीव्हन्सनने मालिका सोडायचं ठरवलं होतं, तेव्हा हेन्रीला घरी पाठवायचा भाग लिहिला गेला. फ्रिट्झेल आणि ग्रीनबाउम यांची पटकथा, दिग्दर्शन गेलबार्टचं. पटकथेचं शेवटचं पान बहुतेक नटांना दिलंच नव्हतं. बाकी सगळं चित्रण झाल्यावर गेलबार्टने त्यांना बोलावून ते वाचायला दिलं आणि लगेच थिएटरचा सेट लावला. रडार मास्क न लावता आत येतो आणि वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. दृश्य दोनदा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी हातून एक हत्यार खाली पडलं. तो आवाज पटकथेत नव्हता, ठेवून दिला. कुणी रडत बसत नाही, कारण टेबलावर पोट उघडं आहे. त्याआधीची वीस मिनिटं निरोप, नवा सूट, हसू, आणि थिएटरमध्ये हसू नाही हा नियम तोवर पाळलेला, त्यामुळे बातमी सांगायला दुसरी जागाच नव्हती. नंतर प्रेक्षकांची रागावलेली पत्रं आली. वाहिनीही खूश नव्हती.

लगेच चौथा सीझन लावा. 'वेलकम टू कोरिया' तासाभराचा आहे, त्यात ट्रॅपर गेलेला असतो आणि बी. जे. हनिकट (माइक फॅरेल) येतो. त्यापुढच्या भागात नवा कमांडर, कर्नल पॉटर. चेहरा ओळखीचा वाटेल: हॅरी मॉर्गन, तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागातला ठार वेडा जनरल. तो भाग इतका जमला की त्यांना एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि वर्षभरात नोकरीही. त्यानंतर 'द बस', 'हॉकाय' आणि 'डेल्यूज' या क्रमाने जा. 'द इंटरव्ह्यू' शेवटी ठेवा. तो कृष्णधवल आहे, टीव्ही बिघडलेला नाही.