दोन स्टारचा टॅकल

जानेवारीत अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडं असतं तेवढे दिवस आमच्या ऑफिसात कुणी धड जेवत नाही. या वर्षी, 2026 मध्ये, ते 2 ते 16 जानेवारी असं उघडं होतं. खेळाडूनं कॉलेज बदलायचं ठरवलं की तो आपल्याच कॉलेजच्या नियम-विभागाला कळवतो. त्यांनी कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत चढवायचं, आणि नाव चढलं की देशभरातले कोच त्याला फोन करायला मोकळे. हा झाला कागदावरचा नियम. प्रत्यक्षात नाव चढायच्या आधीच सौदा ठरलेला असतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी काही करत नाही.

मी मिडवेस्टमधल्या एका मधल्या फळीतल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात, पर्सोनेल विभागात डेटाचं काम करतो. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अमेरिकन. कुठला पोरगा घ्यावा, त्याला किती पैसे द्यावेत, कोण सोडून जाईल, याचा अंदाज बांधायचा आणि सामन्यांच्या फिल्मचे तुकडे करून त्यांना खुणा लावायच्या, हे माझं काम. मूळचा मी कोल्हापूरचा. इथं येईपर्यंत हा खेळ टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता.

या खेळातला जुना वाद असा: संघ जिंकतो तो पोरं चांगली निवडल्यामुळे की पोरं चांगली घडवल्यामुळे? आकडेवाले पहिल्या बाजूला असतात, आणि त्यांचा पुरावा भक्कम आहे. शाळकरी खेळाडूंना रेटिंग कंपन्या स्टार देतात. पाच स्टारवाले दरवर्षी साधारण तीसेकच असतात. बड एलियट या पत्रकारानं एक साधं गुणोत्तर मांडलं: गेल्या चार भरत्यांतले निम्म्याहून जास्त पोरगे चार किंवा पाच स्टारचे असतील तरच राष्ट्रीय विजेतेपदाची आशा धरा. वर्षानुवर्षं ते खरं ठरत आलं. अलाबामा विद्यापीठाचे माजी कोच निक सेबन यांनी सात विजेतेपदं मिळवली ती कोच म्हणून थोर होते म्हणून, पण भरतीतही अलाबामा बहुतेक वर्षी पहिल्या एक-दोनात असायची. उलट बाजूला टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. 2022 मध्ये त्यांनी तोवरची सगळ्यात वरच्या रेटिंगची भरती केली आणि त्याच हंगामात 12 पैकी 7 सामने हरले. पुढच्या वर्षी कोचला काढायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले.

पण मला सांगायचंय ते आमच्या टॅकलबद्दल. टॅकल म्हणजे लाइनमन, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतला (लाइनमधला) गडी.

जूनमध्ये आमच्याकडे शाळकरी पोरांची एकदिवसीय शिबिरं होतात. या दिवसाचं महत्त्व बाहेरच्यांना कळत नाही. शाळेच्या पत्रकावर 6 फूट 5 इंच लिहिलेला पोरगा आमच्या पट्टीवर 6 फूट 3 भरतो. वजनं तर सर्रास फुगवलेली असतात. शिबिरात आम्ही स्वतः मोजतो: उंची, हाताची लांबी, पंजा, दोन्ही हात पसरल्यावरचा फैलाव, पहिल्या 10 यार्डांचा वेळ. हा पोरगा शेतकी भागातल्या एका छोट्या गावातून वडिलांच्या पिकअपमधून आला होता. वजन 108 किलो, लाइनमनच्या मानानं काडीच. दोन स्टार, तेही कुणीतरी उपकार केल्यासारखे. माझ्या मॉडेलमध्ये तो इतका खाली होता की यादीच्या पहिल्या पानावर दिसतच नव्हता.

समोरासमोरच्या झुंजीत तो जवळजवळ प्रत्येक वेळी हरला. आमचे लाइन कोच मात्र त्याच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसले होते. त्यांना निकालाशी घेणंदेणं नव्हतं. पोरगा हरल्यानंतर काय करतो, ते पाहत होते. समोरचा खांद्यावरून निसटला की बहुतेक पोरांचे पाय एकमेकांत अडकतात. याची कंबर वळायची आणि पाय मोकळे राहायचे. हात 34 इंच. शाळेत तो बास्केटबॉल खेळायचा, ती फिल्म कोचनी माझ्याकडून त्याच संध्याकाळी मागवून घेतली. बॉल किती बास्केटमध्ये गेले ते त्यांनी पाहिलंच नाही, बचाव करताना पाय कसे सरकतात तेवढंच पाहिलं. मला म्हणाले, "लांबी आणि घोटे आईबापांनी द्यायला हवेत. बाकीचं मी बघतो."

आमच्या गल्लीतल्या तालमीतले वस्ताद नव्या पोराला आखाड्यात उतरवायच्या आधी त्याची मान आणि मनगट चाचपायचे, त्याची मला तेव्हा आठवण झाली.

तो आमच्याकडे आल्यावर पुढची अडीच वर्षं काय झालं ते लिहिण्यात मला खरा आनंद आहे, कारण ते घडताना मी रोज फिल्मवर पाहिलंय. लेफ्ट टॅकल उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ राखतो. समोरून 120 किलोचा माणूस धावत येत असताना यानं मागे सरकायचं असतं: बाहेरचा पाय मागे टाकायचा, आतला पाय ओढून घ्यायचा, भार आतल्या पायावर, डोकं मागे, आणि हात सोडायचे ते नेमक्या क्षणी. लवकर सोडले तर समोरचा ते झटकतो, उशीर झाला तर छातीत घुसतो. पोराची खोड अशी की घाबरला की कमरेतून वाकायचा. कोच त्याला दोन्ही मुठींत टेनिसचे बॉल देऊन सराव करायला लावत, म्हणजे समोरच्याचा शर्ट धरताच येऊ नये, धक्काच द्यावा लागावा. मैदानावरच्या पांढऱ्या पट्टीवर तो तासन्‌तास मागे सरकत राहायचा. पहिलं वर्ष तो बाकावर होता. आहारतज्ज्ञानं आणि वजनाच्या खोलीतल्या मंडळींनी त्याला 135 किलोपर्यंत नेलं, तेही घोटे न बिघडवता. दुसऱ्या वर्षी तो संघात आला. तिसऱ्या वर्षी आमच्या क्वार्टरबॅकला त्याच्या बाजूनं क्वचितच कुणी हात लावला.

आणि या जानेवारीत, पोर्टल उघडल्या उघडल्या, तो निघाला.

1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. मोठी विद्यापीठं त्या मर्यादेपर्यंत जातात, आम्ही तिच्या आसपासही नसतो. पोराला मिळालेला आकडा मला नंतर कळला. ज्यांनी त्याला घडवलं त्या लाइन कोचच्या पगाराहून तो मोठा होता. पोराला मी दोष देत नाही. बापाच्या शेतावर कर्ज आहे आणि गुडघा कधी जाईल सांगता येत नाही. राग आहे तो त्या मोठ्या विद्यापीठाचा. त्यांचा माणूस नोव्हेंबरपासून पोराच्या शाळेतल्या जुन्या कोचच्या संपर्कात होता, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी लाइन कोचनी मला बोलावलं. पोरगा त्यांच्या खोलीत बसलेला, डोळे लाल. मला वाटलं निरोपाची क्लिप हवी असेल. कोच म्हणाले, "याचे या हंगामातले सगळ्यात वाईट वीस स्नॅप काढून दे. चांगले त्यांच्याकडे आहेतच."

स्नॅप म्हणजे एकेक डाव. मी काढून दिले. कोचनी त्याच्या शेजारी बसून एकेक लावला आणि कागदावर हातानं लिहीत गेले. चौथ्या क्वार्टरमध्ये दमला की तिसऱ्या पावलाला पाय जवळ येतात. डाव्या हातानं आधी मारतो, समोरच्याला ते दोन सामन्यांत कळतं. ओल्या मैदानावर टाच उचलतो. प्रत्येकापुढे उपाय. कागद भरल्यावर त्याची घडी करून पोराच्या हातात दिली आणि सांगितलं, "तिथल्या कोचला पहिल्याच दिवशी दाखव. लाजू नकोस."

मी असतो तर दिला नसता. हे मी तिथल्या तिथे बोललो नाही, पण आजही मला तसंच वाटतं.

संध्याकाळी रेटिंग कंपनीनं पोर्टलमधल्या खेळाडूंचे नवे स्टार लावले. त्याला चार. दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या विद्यापीठाची भरती क्रमवारीत वर सरकली. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. पुढच्या हंगामात ते जिंकले तर माझ्यासारखा कुणीतरी आकडे मांडून दाखवील, की बघा, चार स्टारवाले जास्त, म्हणून जिंकले. निवड महत्त्वाची, कोचिंग नव्हे. मुळात त्यातले दोन स्टार आमच्या मैदानावरच्या पांढऱ्या पट्टीवर मिळालेत. कोचिंग भरतीच्या रकान्यात जमा होतं आणि घडवणाऱ्याचं नाव कुठेच लागत नाही.

त्यातच 19 जानेवारीला इंडियाना विद्यापीठानं मायामी विद्यापीठाला 27-21 हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. 16 सामने, 16 विजय. एलियटच्या निम्म्याच्या अटीपासून हा संघ कोसो दूर. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा शाळेत असताना येल विद्यापीठात जाणार होता. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन पुरस्काराचा तो 2025 चा मानकरी. ऑफिसात सगळे म्हणाले, झालं, कोचिंग जिंकलं. मला ते पटत नाही. इंडियानाचे कोच कर्ट सिग्नेटी हे स्वतः एकेकाळी सेबन यांच्याकडे अलाबामाच्या भरतीचं काम पाहत होते. इंडियानाला येताना त्यांनी आपल्या आधीच्या, जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे खेळाडू सोबत आणले, ज्यांना त्यांनीच शिकवलं होतं. मेंडोझा पोर्टलमधून आला तो कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन हंगाम खेळून. म्हणजे काय शिकवता येतं आणि काय येत नाही हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्यानं निवड केली. आमच्या लाइन कोचनी जूनमधल्या उन्हात गुडघ्यावर बसून तेच केलं होतं.

म्हणून मी आमच्या डेटाबेसमध्ये एक नवा रकाना घातला: शाळेतून निघतानाचं रेटिंग, आजचं रेटिंग, आणि या मधल्या काळात पोरगा कुठल्या कोचच्या हाताखाली होता त्या कोचचं नाव. पर्सोनेल प्रमुख आधी वैतागले, यानं आपल्याला पोरं मिळणार आहेत का म्हणाले. मी यादी त्या रकान्यानं लावून दाखवली. एका लहानशा कॉलेजच्या लाइन कोचचं नाव पुन्हापुन्हा येत होतं. प्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "याचा करार कधी संपतो?"

मी म्हटलं, ते पाहतो, पण त्याआधी आपल्या माणसाचा करार वाढवा, कारण असाच रकाना दुसऱ्या कुणीतरी केला असेल तर त्यात पहिलं नाव त्यांचंच असणार. बजेट बघून सांगतो, असं ते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.