वास नाही हो, विझतं ते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास विचारतंच, "काय हो, तुमच्या त्या कापडाला म्हणे बारुदाचा वास येतो?" नागपूरकरांना हा प्रश्न पडणारच. गावाभोवती स्फोटकांचे कारखाने, आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालयही इथलंच.

वास नाही येत हो. आमचं कापड चमकतं, आणि स्फोटकाची वाफ लागली की ते विझतं.

फुटाळा तलावावर बुढ्ढी के बाल करताना पाहिलंय ना? आमचंही तसंच, फक्त गरगर फिरवण्याऐवजी वीज. सिरिंजमध्ये पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचं, पाकासारखं घट्टसर द्रावण, सुईला १५-२० हजार व्होल्ट. टोकावरचा थेंब आधी शंकूसारखा ताणला जातो, मग त्यातून नजरेला न दिसणारा धागा सुटतो आणि समोरच्या फॉइलवर पांढरी साय धरू लागते. एकेक तंतू केसापेक्षा शे-दोनशे पट बारीक. या सायीवर चमकणाऱ्या पॉलिमरचा पातळ हात द्यायचा. अतिनील दिव्याखाली ती हिरवट उजळते.

टीएनटी या स्फोटकाचा रेणू इलेक्ट्रॉनचा भुकेला. तो येऊन चिकटला की ज्या इलेक्ट्रॉनमुळे उजेड पडायचा, तोच पळवतो. गणपतीतली जुनी सिरीज आठवा, एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. पॉलिमरच्या साखळीतही एका रेणूपायी बरीच लांबी मंदावते. एमआयटीतल्या टिमथी स्वेगर यांनी १९९० च्या दशकात हेच हेरून टीएनटीची वाफ पकडून दाखवली. अशी युक्ती लागतेच, कारण साध्या तापमानाला ती वाफ म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंमागे जेमतेम पाच-दहा रेणू.

मग धागेच कशाला, काचेवर रंग फासला तर? फासून पाहिला. थर जाड झाला की वाफ वरच्यावर अडते, खालचा रंग आपला मजेत चमकत राहतो आणि वरचं विझलेलं कळतच नाही. धाग्यांच्या जाळीत 'खालचं' असं फारसं काही उरतच नाही.

एक फजितीही सांगतो. टीएनटीचा चुलतभाऊ डीएनटी, त्याच्या बाटलीच्या तोंडावर पहिला तुकडा धरला. उजेड निम्म्यावर! मी पेढे आणायला निघालोच होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "रिकाम्या बाटलीवर धरून पाहिलं का?" धरलं. तिथेही निम्म्यावर. वाफेचा संबंधच नव्हता, आमचा अतिनील दिवाच रंग खात होता. मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या साडीचं होतं, तसं.

तेव्हापासून तुकडा विझला की मी चिमट्याने उचलून स्वच्छ हवेत धरतो. डीएनटीची वाफ असेल तर हळूहळू सुटते आणि उजेड परततो. उडालेला रंग काही परतत नाही. (यापेक्षा कुत्रा बरा की, असंही म्हणतात लोक. बराच आहे. पण त्याला आठ-आठ तास फाटकाशी हुंगत उभं नाही ठेवता येत.)

माझ्या वहीत दोन रकाने आहेत, विझल्याची वेळ आणि उजळल्याची वेळ. दुसरा कोरा राहिला की तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात.